अबूत्रिकाची कीर्ती एका शर्टावर उभी नाही

इजिप्तचा माजी फुटबॉल मिडफिल्डर मोहम्मद अबूत्रिका याच्याविषयी एक दावा वारंवार केला जातो: त्याची लोकप्रियता मुळात राजकीय आहे; गाझाच्या समर्थनाचा शर्ट दाखवल्यामुळे तो नायक झाला; एरवी युरोपात आणि विश्वचषकात कधीच न खेळलेला तो एक स्थानिक खेळाडू होता.

पहिल्या मुद्द्याला कालक्रमच उत्तर देतो. तो शर्ट दिसला जानेवारी 2008 मध्ये, आफ्रिकन राष्ट्रचषकात सुदानविरुद्ध, आणि त्याबद्दल त्याला पिवळे कार्डही मिळाले. त्याच्या दोन वर्षे आधी, 2006 च्या अंतिम सामन्यात, आयव्हरी कोस्टविरुद्धच्या शूटआउटमधील विजयी पेनल्टी कैरोच्या खचाखच भरलेल्या स्टेडियममध्ये त्यानेच मारली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युनिशियात तिथल्याच स्फाक्सियन क्लबविरुद्ध भरपाई वेळेत केलेल्या त्याच्या गोलने त्याच्या कैरोच्या क्लबला, अल अहलीला, आफ्रिकन चॅम्पियन्स लीग मिळवून दिली. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठा क्षण हाच, कारण सामना हातातून निसटत असताना, दमलेल्या पायांनी, त्याने चेंडू अचूक जाळ्यात धाडला. डिसेंबरमध्ये जपानमधील क्लब विश्वचषकात तीन गोल करून तो सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला आणि अल अहली तिसऱ्या स्थानी आला. शर्टाने त्याच्याविषयीचे प्रेम आणखी गहिरे केले, हे मला मान्य आहे. पण ते प्रेम आधीच जडलेले होते. शिवाय 2008 चा अंतिम सामनाही कॅमेरूनविरुद्ध त्याच्याच एकमेव गोलवर जिंकला गेला.

युरोपात न खेळणे ही वस्तुस्थिती आहे, परंतु त्यावरून खेळाचा दर्जा ठरवणे अन्यायाचे आहे. आयव्हरी कोस्टचा ड्रोग्बा आणि कॅमेरूनचा एटो यांच्यासारखे युरोपात गाजलेले खेळाडू ज्या संघांत होते, त्याच संघांना नमवून इजिप्तने हे दोन्ही चषक जिंकले.

विश्वचषकाचे शल्य मात्र खरे आहे. 2009 मध्ये ओमदुरमान येथे अल्जीरियाकडून आणि 2013 मध्ये कुमासीत घानाकडून पात्रता सामन्यांत झालेल्या पराभवांनी ती दारे बंद केली. पण घानाविरुद्धच्या 6-1 अशा दारुण पराभवात इजिप्तचा एकमेव गोल अबूत्रिकाचा होता. संपूर्ण संघाचे अपयश एकट्याच्या माथी मारता येत नाही.

उरतो राजकारणाचा आरोप. फेब्रुवारी 2012 मध्ये पोर्ट सईदच्या मैदानावर अल अहलीचे सत्तरहून अधिक समर्थक मारले गेले. मृतांना न्याय मिळेपर्यंत देशांतर्गत सुपर चषकात खेळणार नाही, असे अबूत्रिकाने त्याच वर्षी सांगितले आणि क्लबने त्याच्यावर कारवाई केली. स्वतःच्या समर्थकांच्या मृत्यूचा जाब मागणे याला पक्षीय राजकारण म्हणणे मला अत्यंत अन्यायकारक वाटते. या कारवाईनंतरही त्याचा खेळ ओसरला नाही. नोव्हेंबर 2013 मध्ये, वयाची पस्तिशी गाठत असताना, त्याने चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीतील दोन्ही लढतींत दक्षिण आफ्रिकेच्या ऑर्लँडो पायरेट्सविरुद्ध गोल केले आणि अल अहलीने चषक राखला.