कोण बघतंय?

आज दुपारी एका ओळखीच्यांकडे सत्यनारायण होता. घरी येऊन दोन तास झाले, साडी अजून बदललेली नाही आणि डोकं काही शांत होत नाही, म्हणून इथे लिहितेय. पोस्ट मोठी होणार आहे. कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे जा.

तिथे एक मुलगी आली होती. इथे अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर आहे, मास्टर्सचं दुसरं वर्ष. मला मावशी म्हणते (गेल्या वर्षीपर्यंत ही पोरं मला ताई म्हणायची, पण ते असो). जुलैमध्ये तिच्या वडिलांची बायपास झाली. दुकान बंद, पतसंस्थेचे हप्ते थकलेले, आणि इकडे पुढच्या सेमिस्टरची फी समोर उभी. हे सगळं ती मला स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, हळू आवाजात सांगत होती. तेवढ्यात आमच्यातलेच एक काका शिऱ्याचा द्रोण घेऊन आले आणि म्हणाले, "अगं मग त्यात एवढं काय! माझ्या मित्राचं गॅस स्टेशन आहे. शनिवार-रविवार उभी राहा, कॅश देईल. आम्ही सगळ्यांनी केलंय. कोण बघतंय?"

बाकीचे हसले. एकजण "हो ना" पण म्हणाला. पोरीचा चमचा शिऱ्यातच थांबला आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

मी काय बोलले? काही नाही. "बघू गं" म्हणाले. लोकांच्या घरची पूजा, प्रसादाची वेळ, कुठे वाद घालायचा. विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर काम करणं बेकायदा आहे, आणि तेव्हा बोलायला हवं होतं ते आता बोलतेय.

काका, तुम्ही कधी ९० दिवस मोजलेत का?

मी मोजलेत. मे २००९ मध्ये माझं मास्टर्स झालं. मंदीचं वर्ष, आमच्या बॅचमध्ये मोजून तिघांना नोकऱ्या. ३४० डॉलर भरून ओपीटीचा अर्ज केला, कार्ड आलं, त्यावर तारीख १५ जून. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. शिक्षण संपल्यावर आपल्या विषयातलं काम करायला १२ महिने मिळतात, ते ओपीटी. पण त्या १२ महिन्यांत सगळे मिळून ९० दिवसच बेकार राहायची मुभा. हा ९० चा आकडा आणला २००८ साली, म्हणजे आमच्या आधी एकच वर्ष. शनिवार-रविवारही धरायचे, चार जुलैची सुट्टीही धरायची. देसी दुकानात फुकट मिळालेलं गणपतीचं कॅलेंडर फ्रिजला चिकटवलेलं होतं. रोज रात्री भांडी घासून झाली की मी त्यावर एक फुली मारायचे. रूममेट आधी हसायची, ऑगस्टपासून हसेना.

७१ व्या दिवशी असाच एका काकांचा फोन आला होता. तेव्हा गॅस स्टेशन नव्हतं, दारूचं दुकान होतं. "मागच्या खोलीत खोकी लावायची, बाहेर यायचंच नाही, कोण बघतंय?" शब्द अगदी हेच! सोळा वर्षांत आपल्या लोकांना वाक्य बदलावंसंसुद्धा वाटलं नाही.

बघतंय कोण ते सांगते. ही पोरं आल्या दिवसापासून सेविस नावाच्या सरकारी नोंदवहीत आहेत. कुठे राहतात, किती क्रेडिट घेतलेत, ओपीटीवर कोणाकडे काम करतात, सगळं तिथे. पत्ता बदलला की दहा दिवसांत कळवायचं. २०२५ च्या एप्रिलमध्ये हजारो मुलांच्या नोंदी एका फटक्यात बंद केल्या, कित्येकांच्या तर जुन्या किरकोळ पोलीस नोंदींवरून. वकील, कोर्ट, स्थगिती, आणि मग त्या परत चालू झाल्या. तेवढे दिवस त्या पोरांनी काय काढले असतील हे तुम्हाला आम्हाला नाही कळायचं. आणि तुम्ही म्हणता, कोण बघतंय.

बरं, आज नाही बघितलं. उद्या? ग्रीन कार्डाच्या फॉर्मवर सरळ प्रश्न असतो, परवानगीशिवाय काम केलंय का. तेव्हा तिने काय लिहायचं? खरं लिहिलं तर अडकली, खोटं लिहिलं तर जन्मभराचा घोर. विद्यार्थ्याचा दर्जा इतर काही कारणाने गेला तर तो परत मिळवायचा अर्ज तरी करता येतो. चोरून काम केलेलं असेल तर तेही दार बंद. हे सगळं होईल तेव्हा काका कुठे असतील? काकांनी नागरिकत्वाची शपथ कधीच घेतलीय. ते पुढच्या पूजेला शिरा खात असतील.

मला माहितीय, आता कमेंटमध्ये कोणीतरी लिहिणार की पूर्वी सगळे करायचे आणि सगळे पार पडले. हो, बरेचसे पार पडले. जे पडले नाहीत ते पूजेला येत नाहीत, एवढंच.

आणि कृपा करून तो दुसरा सल्लाही देऊ नका, "दुसरी युनिव्हर्सिटी घे, तिथे पहिल्या दिवसापासून सीपीटी मिळतं." सीपीटी म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून करायचं काम. साधारणपणे एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावर, आणि आय-२० वर (विद्यापीठ देतं तो विद्यार्थी असल्याचा कागद) नोंद होऊन आल्यावरच. पूर्ण वेळाचं १२ महिने केलं की ओपीटीवर पाणी सोडायचं. काही मास्टर्समध्ये पहिल्या दिवसापासून खरंच चालतं, नाकारत नाही. पण २०१९ मध्ये मिशिगनचं ते फार्मिंग्टन विद्यापीठ आठवतंय ना? वर्ग नाहीत, मास्तर नाहीत, आणि विद्यापीठ चालवणारे निघाले सरकारचेच एजंट. पकडलेली पोरं बहुतेक भारतातली. आपल्यातल्या किती जणांनी तेव्हा "बिचारी" म्हटलं आणि किती जणांनी "मूर्ख" म्हटलं, मला चांगलं आठवतंय.

सीपीटीच्या तारखांची गंमत वेगळीच. माझ्या ओळखीच्या एका मुलाच्या आय-२० वर इंटर्नशिपची तारीख गुरुवारची होती. कंपनी म्हणाली सोमवारपासूनच ये, तेवढीच ओळख होईल. हा भाबडा गेला. तीन दिवस, कागदावर बेकायदा. त्याची झोप उडाली ती उडालीच.

चिडून लिहितेय खरी, पण नियमांचीही आरती ओवाळत नाहीये. नियम तरी कुठे शहाणे आहेत? कॅम्पसवर सेमिस्टरमध्ये आठवड्याला २० तास काम करता येतं. करता येतं म्हणजे मिळालं तर. लायब्ररीच्या एका जागेसाठी अर्धा वर्ग रांगेत असतो. बाहेर काम करायचं तर ते "प्रशिक्षण" असलं पाहिजे. पोटाला प्रशिक्षण कळत नाही, भूक कळते. कोणी म्हणेल, विद्यार्थी व्हिसा शिकण्यासाठी आहे, येताना पैसे दाखवूनच आलात ना. बरोबर आहे, दाखवले होते. दाखवताना वडिलांचं हृदय ठीक होतं.

आणि ओपीटीवाल्यांवर ओरडणारे इथले लोक म्हणतात की ही मुलं सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचा कर भरत नाहीत, त्यामुळे कंपनीचेही ७.६५ टक्के वाचतात. खोटं नाही. पहिली पाच वर्षं नाही भरत. पण हा नियम पोरांनी केलाय का? खोटे रेझ्युमे बनवून पोरांना विकणाऱ्या कन्सल्टन्सी आपल्याच लोकांच्या आहेत, हेही खरं. कबूल. पुढे चला.

माझं सांगत होते. ७१ व्या दिवशीच्या फोनला मी नाही म्हणाले ते काही तत्त्व म्हणून नाही. उगाच मोठेपणा कशाला घेऊ. मी त्या दुकानापर्यंत गेले होते. समोरच्या बसस्टॉपवर वीस मिनिटं बसले. खात्यात दोनशेच्या आसपास डॉलर होते. आत गेले नाही कारण पाय लटपटत होते. सभ्य होते म्हणून नाही, घाबरट होते म्हणून वाचले. त्यामुळे जी पोरं आत जातात त्यांच्यावर माझा राग नाही. एक अक्षर बोलणार नाही मी त्यांना. राग आहे तो दार उघडून "ये ये" म्हणणाऱ्यांवर.

मग ८२ व्या दिवशी काय झालं ते आज गाडीत त्या मुलीलाही सांगितलं. लेबर डेच्या आधीचा शुक्रवार होता, सगळं डिपार्टमेंट ओस. माझे जुने प्रोफेसर लॅबला कुलूप लावत होते. मी काय बोलले आठवत नाही, बहुधा रडलेच असणार. ते म्हणाले, पगार देऊ शकत नाही, ग्रँट संपलीय, पण काम भरपूर आहे. साध्या ओपीटीत आपल्या विषयातलं बिनपगारी कामही चालतं, आठवड्याला निदान २० तास हवेत. (स्टेमच्या, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणित शिकलेल्यांच्या, २४ महिन्यांच्या वाढीव मुदतीत हे चालत नाही, तिथे पगार लागतो आणि कंपनी ई-व्हेरिफायवर, म्हणजे कामाची परवानगी तपासायच्या सरकारी यंत्रणेत, लागते. कोणी माझं वाचून गोंधळ घालू नका.) त्यांनी परत कुलूप उघडलं, कॉम्प्युटर सुरू केला आणि चार ओळींचं पत्र टाईप करून दिलं. ते घेऊन मी धावत आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसात गेले. तिथल्या बाईंनी, गळ्यात साखळीला चष्मा होता त्यांच्या, पत्र दोनदा वाचलं, नोंद केली आणि म्हणाल्या, आता घरी जाऊन झोप.

त्या रात्री फुली मारली नाही.

नोव्हेंबरात नोकरी लागली. मंदीमुळे त्या वर्षी एच-वन-बीचा, म्हणजे नोकरीच्या व्हिसाचा, कोटा डिसेंबरपर्यंत भरलाच नव्हता, त्यामुळे माझा अर्ज त्यात बसला. आजच्या पोरांना हे सांगितलं तर त्यांना परीकथा वाटते. आता ६५ हजार अधिक २० हजार जागा आणि लॉटरी. म्हणजे मी कर्तृत्वाने वगैरे नाही, मंदीच्या कृपेने आणि एका माणसाने परत कुलूप उघडलं म्हणून इथे आहे. तो माणूस आपला नव्हता, आपल्या भाषेतला नव्हता, त्याला शिरा माहीत नव्हता.

मला हेच खुपतंय बहुतेक. आपल्या माणसाने दारूचं दुकान सुचवलं आणि परक्याने नियमाचं पान उघडून त्यातली फट शोधली.

कारण फट असते हो! आज त्या मुलीला विचारलं, ऑफिसात जाऊन घरची परिस्थिती सांगितलीस का? तर म्हणे, नाही, त्यांना कळलं की आपल्याकडे पैसे नाहीत तर परत पाठवतील. तिला कोणीच सांगितलं नव्हतं की अचानक आर्थिक संकट आलेल्या विद्यार्थ्यांसाठी कॅम्पसबाहेर कामाची परवानगी आहे. रीतसर. एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झालेलं हवं, अभ्यास नीट चाललेला हवा, आणि संकट आपल्या हातातलं नसलेलं हवं. घरच्या कमावत्या माणसाची परिस्थिती बदलली, दवाखान्याची बिलं आली, आपल्या देशाचं चलन घसरलं, हे सगळं त्यात बसतं. मिळाली की एका वेळी एक वर्ष, सेमिस्टरमध्ये आठवड्याला २० तास, सुट्टीत पूर्ण वेळ. आणि विषयाशी संबंध असायची अटही नाही. मग त्याच काकांच्या मित्राच्या गॅस स्टेशनवर उभी राहू दे की! चेकने पगार घेऊन, ताठ मानेने. न्यू जर्सीत अजून आपलं आपण पेट्रोल भरता येत नाही, माणसं तर लागतातच.

सोपं नाहीये. कागद लागतात, फी लागते (पैसे नाहीत हे सिद्ध करायला पैसे), आणि अर्ज मंजूर व्हायला महिने जातात. मधल्या महिन्यांचं काय, हा प्रश्न खरा आहे आणि त्याला सरकारकडे उत्तर नाही. ते उत्तर आपण आहोत. त्या पूजेला चाळीस माणसं होती. चाळीस घरांत मिळून एका पोरीची दोन महिन्यांची सोय होत नाही? ज्यांच्या बेसमेंटमध्ये ट्रेडमिलवर कपडे वाळत घातलेत त्यांच्याकडे एक खोली निघत नाही? मी माझ्यापुरतं बोलले आहे तिच्याशी, ते इथे लिहीत नाही.

काका, तुम्ही हे वाचणार, कारण तुम्ही माझ्या सगळ्या पोस्टना अंगठा देता. माणूस म्हणून तुम्ही वाईट नाही. मला पहिल्या बर्फात गाडी बाहेर काढायला तुम्हीच आला होतात, फावडं घेऊन, रात्री अकरा वाजता. म्हणूनच जास्त लागलं. त्या मित्राला फोन करा आणि विचारा, परवानगी आली की पगारावर घेशील का. तेवढं करा.

उद्या साडेदहाला तिची ऑफिसात वेळ आहे. मी अर्धा दिवस रजा टाकलीय. दवाखान्याचे कागद इंग्रजीत आहेत, पण पतसंस्थेची नोटीस मराठीत, दोन पानं. मराठी-इंग्रजी दोन्ही येणाऱ्या कोणीही भाषांतर करून खाली सही केली तर चालते, म्हणून ते काम माझ्याकडे. "सदर थकबाकी मुदतीत न भरल्यास तारण मालमत्तेवर" इथपर्यंत आलेय. चहा टाकते आणि दुसरं पान घेते.