एक छत्री, तीन घरं

सोलापुरातल्या जुन्या वाड्यात एकाच जिन्यावर मराठी, कन्नड, तेलुगू अशी तीन बिऱ्हाडं सहज सापडतात. शेंगाचटणीची वाटी इकडून तिकडे जाते, गड्ड्याच्या जत्रेला सगळे मिळून जातात. मग गच्चीवर टीव्हीच्या तीन डिश-छत्र्या कशाला, असा हिशेब कुणीतरी मांडतोच. आणि एका वायरीच्या अनेक वायरी करणारा केबलवाल्याचा जुना स्प्लिटर माळ्यावरून खाली येतो.

माझं म्हणणं एवढंच, की चटणी वाटून खावी, व्होल्टेज नाही.

टीव्हीजवळचा सेट-टॉप बॉक्स छत्रीकडून नुसता सिग्नल घेत नाही, तिला हुकूमही सोडतो. वायरीतून १३ व्होल्ट गेले की एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल टिपणारा डबा) उभ्या ध्रुवीकरणाची, म्हणजे उभ्या लहरींवरची, चॅनेलं पाठवतो, १८ गेले की आडव्या. एकतोंडी एलएनबी एका वेळी एकाचंच ऐकतो, आणि भांडणात १८वाला जिंकतो. खाली काकूंनी मालिका लावली की वर अण्णांच्या तेलुगू सिनेमावर ‘सिग्नल नाही’. अण्णा ढगांना शिव्या घालतात. एप्रिलमध्ये, सोलापुरात!

शिवाय स्प्लिटरमध्ये डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, नसेल, तर एका बॉक्सचे व्होल्ट उलटे दुसऱ्यात घुसतात. केबलचा स्प्लिटर साधारण १००० मेगाहर्ट्झपर्यंतचा. छत्रीची वायर ९५० ते २१५० वाहते. म्हणजे तो मुळात या कामाचाच नाही.

क्वाड एलएनबी आणा: चार स्वतंत्र तोंडं, प्रत्येक घराला आपली आरजी-६ वायर (डिशची नेहमीची जाड वायर). दुकानात ‘क्वाट्रो’ हातात पडला तर परत करा. त्याच्या चार तोंडांतून ठरलेले चार तुकडे येतात, ते तुकडे प्रत्येक घराला हवे तसे जोडून देणाऱ्या मल्टिस्विचशिवाय प्रत्येक घराला चॅनेलांचा एकेक तुकडाच मिळेल. उरलेल्या तोंडाला रबरी टोपी लावा. (त्यावर कुणाचा तरी भाचा डोळा ठेवून असतोच.)

वायर जोडताना तिन्ही बॉक्स भिंतीवरच्या बटणाने बंद करा. रिमोटने ‘बंद’ केलेला बॉक्स व्होल्ट सोडत असू शकतो. वायरीच्या टोकाला बसणाऱ्या एफ-कनेक्टरमध्ये वायरीच्या आतल्या धातूच्या जाळीचा एक केस मधल्या तारेला टेकला की शॉर्ट. आणि अर्थिंग! दोन पिनांच्या अडॅप्टरची थोडी गळती जाळीवर येते, तीन घरांची एलएनबीशी एकत्र होते. कुरडया वाळत घालणाऱ्या आजीचा हात छत्रीला लागला तर झिणझिण्या. त्यातल्या एका घराचं वायरिंग बिघडलेलं असेल, तर प्रकरण झिणझिण्यांवर थांबत नाही. म्हणून खांब आणि वायरींची जाळी इमारतीच्या अर्थिंगला जाड तारेने जोडून घ्या, तेही इलेक्ट्रिशियनकडून.

दूरदर्शनच्या मोफत ‘फ्री डिश’ सेवेचा उपग्रह जीसॅट-१५ आपल्याकडून आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६१ अंशांवर दिसतो. एखाद-दोन अंशांची चूकही भोवते. तेव्हा ओल्या चादरीची दोरी छत्रीच्या खांबाला बांधू नका. तिला वेगळा खिळा ठोका.