डार्विन मरताना देवाले शरण गेला? तसं काही झालं नाही भाऊ

सप्ताह संपल्यापासून गावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला, की उत्क्रांतीवाला डार्विन मरणाच्या खाटेवर बायबल वाचत होता, माझा सिद्धांत चुकला म्हणे, मंग नास्तिक काहून भांडतात. खोटं आहे हे. डार्विन वारला 19 एप्रिल 1882 ले, अन् ही गोष्ट छापून आली 1915 मधी, अमेरिकेच्या एका धार्मिक पेपरात, लेडी होप नावाच्या बाईच्या हवाल्यानं. डार्विनची पोरगी हेन्रिएटा शेवटी बापाजवळच होती, तिनं 1922 मधी सरळ लिहिलं की ती बाई आजारपणात तिथं नव्हतीच अन् बाबांनी कोणतंच शास्त्रीय मत मागं घेतलं नाही.

पण नास्तिक पोरांनोही लय उड्या मारू नका. 1879 च्या पत्रात डार्विन म्हणते, देवच नाही म्हणणारा नास्तिक मी कधीच नव्हतो, अज्ञेयवादी म्हणा, म्हणजे आहे का नाही सांगता येत नाही बावा.

अन् समजा तो पलटलाच असता, तरी सिद्धांत त्याच्या शेवटच्या शब्दावर थोडीच उभा आहे. 2017 मधी आपल्या पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळीनं बीटीले (अळी मारणारं विष झाडातच असलेलं कापसाचं वाण) जुमानलं नाही, बोंड फोडलं की आत सरकी खाल्लेली, कापसाची कवडी. बीटीचं विष पचवणाऱ्या अळ्या वाचल्या, त्यायचीच पैदास वाढली, नैसर्गिक निवड म्हणतात ते हेच.

तो मेसेज पुढं पाठवू नका, अन् ज्यानं टाकला त्याले शिव्याही देऊ नका, त्यालेही कुठून तरी आलाच असंल.