अंगठा उठत नाही म्हणून

आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशी आजही रेशनविना परत आल्या. मशीनवर अंगठाच उठत नाही. कसा उठेल? भांडी घासून घासून बोटांच्या रेषा पुसल्यात. दुकानदार म्हणतो, उद्या या. उद्या म्हणजे परत कामाचा खाडा.

हे सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं तर एका गृहस्थांचं उत्तर: "फुकट मिळतंय ना, मग चार हेलपाटे मारले तर बिघडलं काय?"

काय बिघडतं ते सांगते. आयर्लंड, मार्च १८४९, दुष्काळाचे दिवस. मदतीच्या यादीत नाव राहायचं तर तपासणीला या, म्हणून लुईसबर्ग गावच्या शेकडो उपाशी लोकांना डेल्फी लॉज नावाच्या बंगल्यावर बोलावलं. वीसेक किलोमीटर, कडाक्याच्या थंडीत. पोचले तर तपासणीचे साहेब जेवायला बसलेले. जेवणं झाल्यावर सगळ्यांना तसंच माघारी धाडलं. परतीच्या वाटेवर माणसं मेली. १९८८ पासून लोक दरवर्षी तीच, डूलॉख तळ्याकाठची वाट चालतात, आणि चालताना आजच्या भुकेबद्दल, निर्वासितांबद्दल बोलतात. १९९१ साली दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्ध लढणारे आर्चबिशप डेस्मंड टुटूही चालले.

माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायची. मस्टरवर तिचाही अंगठाच. नीट उमटला नाही तर मुकादम हात धरून पुन्हा टेकवायचा, पण मजुरी द्यायचा. मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी घशाला टोचायची म्हणायची, पण "खडी फोडली, दाम घेतला" हे ताठ मानेनं सांगायची. तिला कोणी फुकटी म्हटलं असतं तर... जाऊ दे.

बोगस कार्डं असतात, मान्य. म्हणून मावशींनी उपाशी राहायचं?

आणि हे पुणं आहे हो! १८७७ च्या जानेवारीत दुष्काळी कामावरची मजुरी एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे इतकी खाली आणली, तेव्हा लोकांनी कामं सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभा या संस्थेनं त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. सावित्रीबाई त्या वर्षी ओतूरहून जोतीरावांना दुष्काळाचे हाल कळवत होत्या. धनकवडीत फुल्यांनी दुष्काळातल्या मुलांच्या जेवणाची सोय केली. आज त्या धनकवडीतून आपण बसनं जातो, एक पाटी डोळ्यांत भरत नाही.

आजीची पिढी हे बोलत बसली नाही, पोरांना जगवायचं होतं. आपण तरी बोलूया. गंजपेठेतल्या फुलेवाड्यापासून धनकवडीपर्यंत चालायचं, वाटेतल्या रेशन दुकानांसमोर थांबत, ज्यांचे अंगठे उठत नाहीत त्यांना पुढे घेऊन. मावशींना विचारलं, त्या हो म्हणाल्या. रविवारी त्यांना सुट्टी असते, तेव्हा रविवारच धरा. कोण कोण येतंय, खाली लिहा.