इसबगोलवाले आजोबा आणि माझी हनुवटी

परवा संध्याकाळी डोंबिवलीत, स्टेशनबाहेरच्या एका मेडिकलमध्ये, भर गर्दीत माझ्या पोटाची जाहीर चौकशी झाली. मी गेले होते हनुवटीसाठी.

स्किनच्या डॉक्टरबाईंनी लिहून दिलेली अडॅपलीनची, म्हणजे मुरुमांवरच्या मलमाची, ट्यूब घ्यायची आणि रिक्षाच्या रांगेत जाऊन उभं राहायचं, एवढंच काम होतं. चिठ्ठी पुढे केली आणि शेजारून आवाज आला, "पोट साफ होतं का?"

मला वाटलं, काउंटरवरच्या पोराला विचारतायत. बघते तर इस्त्रीचा सदरा, काखेत छत्री, पुढ्यात इसबगोलचा मोठा डबा, आणि नजर थेट माझ्या हनुवटीवर.

"मला विचारताय?"

"तुलाच गं बाळ. पुटकुळ्या म्हणजे पोट. दुसरं काही नसतं."

"होतं आजोबा."

"रोज?"

मागे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी मोबाइलमधून मान वर काढली.

"रोज."

"एका बैठकीत?"

अशा प्रश्नाला सभ्य घरातल्या बाईने काय उत्तर द्यावं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी गप्प बसले. आजोबांनी ते गप्प बसणं 'नाही' असं धरलं आणि विजयी मुद्रेने डबा माझ्याकडे सरकवला. "रात्री कोमट पाण्यातून. दोन चमचे." मग एकदम आठवल्यासारखं, "लग्न व्हायचंय ना अजून? झालं की जातात आपोआप."

"झालंय. मुलगा सातवीत आहे."

आजोबा जरा अडखळले. मला क्षणभर बरं वाटलं. पण आपल्याकडे सगळी निदानं संपली की एक निदान कायम शिल्लक असतं. "मग उष्णता," आजोबा म्हणाले. "अंगात उष्णता फार आहे तुझ्या. सकाळची शिळी थुंकी लावायची. तोंड न धुता. अशी." आणि त्यांनी तर्जनी जिभेला लावून प्रात्यक्षिकासाठी माझ्या दिशेने आणली. मी मागे सरले, मागच्या मावशींच्या पायावर पाय पडला. माफी मागायला वळले, तर त्या म्हणाल्या, "थुंकी नाही हो, जायफळ. दुधात उगाळून." आता थुंकी की जायफळ यावर दोघांची जुंपली. वाद माझ्या हनुवटीवर, आणि मलाच बोलायला जागा नाही.

डॉक्टरबाईंनी मला पॅडच्या मागच्या बाजूला चित्र काढून दाखवलं होतं. केसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी. हार्मोन्सनी जोर केला की ती जास्त तेल सोडते, मेलेल्या पेशी झडून जायच्या ऐवजी छिद्राच्या तोंडाशी चिकटतात, बूच बसतं, आत जंतू वाढतात आणि मग सूज. तिशी-पस्तिशीतल्या बायकांना पुटकुळ्या बऱ्याचदा हनुवटी आणि जबड्यावर येतात, पाळीच्या आधी जास्त. त्या चित्रात कुठेही आतडं नव्हतं. ब्लॅकहेडचा काळा रंगसुद्धा मळाचा नसतो. उघड्या छिद्रातला ऐवज हवेशी संबंध येऊन काळा पडतो. तो घासून जात नाही, घासणाऱ्याचा चेहरा तेवढा लाल होतो.

खाण्याचं म्हणाल तर वड्यातलं तेल घशातून खाली जातं, गालातून बाहेर येत नाही. चॉकलेटचं प्रकरण जरा मजेशीर आहे. 1969 मध्ये अमेरिकेत 65 जणांवर प्रयोग करून चॉकलेट निर्दोष ठरवलं गेलं. पुढे लोकांनी बघितलं तर तुलनेसाठी दिलेल्या बिनचॉकलेटच्या वडीतही साखर-चरबी जवळपास तेवढीच! आता साखर-मैद्यासारख्या, रक्तातली साखर झपकन वाढवणाऱ्या खाण्याचा थोडाफार संबंध असावा असं दिसतंय. म्हणजे 'जिलबी खातेस म्हणून येतात' म्हणणाऱ्या सासूबाई अगदीच चुकीच्या नव्हत्या. हे मी त्यांना सांगणार नाहीये.

मला खरा राग उपायांचा नाही. राग याचा की प्रत्येक उपायाच्या पोटात एक आरोप असतो. चेहरा धूत नसशील. खात सुटतेस. जागत असशील. मुलगी कुमारिका असेल तर लग्नाचं वय झालं, आणि लग्न झालेली असेल तर पोट. मुरुम म्हणजे चारित्र्याचा दाखला असल्यासारखं लोक वाचतात. त्याच रांगेत एका काकांचं पोट शर्टाच्या दोन बटणांमधून बाहेर डोकावत होतं. त्यांना कुणी विचारलं का, तुमचं काय? नाही. ते पोट खासगी, माझी हनुवटी सार्वजनिक.

एवढ्यात काउंटरवरचा पोरगा ट्यूब घेऊन आला आणि वाकून हळूच म्हणाला, "मॅडम, ह्याला वेळ लागतो. दुसरी क्रीम देऊ? आठवड्यात चेहरा एकदम क्लिअर. उजळ पण होतो." उजळ म्हटल्यावर मावशी जायफळ विसरल्या. मी नाव वाचलं: स्टेरॉइड. असल्या क्रीमने आधी लाली बसते, सगळे खूश होतात. मग कातडी पातळ होते, शिरा दिसायला लागतात, लव वाढते, आणि सोडली की दुप्पट मुरुम. 2018 मध्ये सरकारने अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. पोराने ती क्रीम मला लिमलेटच्या गोळीसारखी सहज काढून दिली. आणि अडॅपलीनला वेळ लागतो हे खरंच आहे, दोन-तीन महिने. पण त्याने ते दोष सांगावा तसं सांगितलं.

माझं एक वेळ ठीक आहे, मी वळून बोलू शकते. माझी भाची दहावीत आहे. तिने कुठल्याशा रीलमध्ये बघून गालाला लिंबू चोळलं आणि दुपारच्या उन्हात क्लासला गेली. लिंबाचा रस भलताच आंबट, पीएच (हा आकडा जितका कमी तितकं आंबट) दोनच्या आसपास. त्वचेचा पाचच्या जवळपास. वर लिंबाच्या रसात ऊन लागलं की कातडी भाजणारी द्रव्यं असतात. गालावर तपकिरी चट्टा उठला, तो जायला महिने लागतील म्हणे. मुरुम होता तिथेच आहे. आता पोरगी लग्नकार्यात फोटोला उभी राहत नाही, क्लासला ओढणी बांधून जाते. गेल्या रविवारी जिन्यात शेजारच्या काकूंनी तिची ओढणी स्वतःच्या हाताने बाजूला केली, चट्टा नीट पाहिला, च् च् केलं आणि म्हणाल्या, "अगं, लिंबू लावून बघ ना."