सायक्लोस्पोरिनची पुढची हकिकत

हृदयविकाराच्या झटक्यात बंद पडलेली रोहिणी उघडल्यावर हृदयपेशींना होणाऱ्या इजेवरील एका लेखात सायक्लोस्पोरिनला (एरवी अवयव-प्रत्यारोपणात वापरल्या जाणाऱ्या औषधाला) त्या इजेवरचा आशादायक उपाय म्हटले आहे. त्याची पुढची हकिकत मात्र त्यात आलेली नाही. रक्तपुरवठा खंडित असताना पेशीत साचलेल्या आम्लतेमुळे मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतील ऊर्जा बनवणाऱ्या घटकाच्या) आतल्या पटलातील छिद्र बहुधा मिटलेलेच राहते, पण रक्त परतताच काही मिनिटांत ती आम्लता ओसरते, कॅल्शियमचा भार वाढतो, साठलेले सक्सिनेट (चयापचयातील एक पदार्थ) झपाट्याने जळताना घातक ऑक्सिजन-रेणू निर्माण होतात आणि नेमके तेव्हाच ते छिद्र उघडून एटीपीची (पेशीच्या इंधनाची) निर्मिती कोलमडते. सायक्लोस्पोरिन सायक्लोफिलिन-डी या प्रथिनाला बांधून हे उघडणे रोखते.

२००८ मध्ये ५८ रुग्णांवरील फ्रेंच चाचणीत सायक्लोस्पोरिन दिलेल्यांच्या रक्तात क्रिएटिन कायनेज या, हृदयस्नायूची इजा दाखवणाऱ्या प्रथिनाचे प्रमाण लक्षणीय घटले होते (तशाच दुसऱ्या प्रथिनाचे, ट्रोपोनिनचे नव्हे, हे फारसे कोणी सांगत नाही). २०१५ मध्ये जाहीर झालेल्या, ९७० रुग्णांच्या ‘सर्कस’ या सायक्लोस्पोरिनच्या मोठ्या चाचणीत मात्र वर्षभरानंतर मृत्यू, हृदय निकामी होणे वा डाव्या जवनिकेचा (हृदयाच्या खालच्या कप्प्याचा) आकार वाढणे यांत काहीही फरक दिसला नाही. माझ्या मते अडचण छिद्राच्या सिद्धान्तात नसून वेळेत असावी, कारण शिरेतून दिलेले औषध गुठळीपलीकडच्या स्नायूपर्यंत मुख्यतः परतणाऱ्या रक्ताबरोबरच पोहोचते, आणि संरक्षण तर त्याच पहिल्या मिनिटांत हवे असते. शिवाय प्रयोगशाळेतील तरुण, निरोगी प्राण्याची रोहिणी ठरावीक वेळच बांधलेली असते. मधुमेह असलेला साठीचा रुग्ण कित्येकदा काही तासांनी रुग्णालयात पोहोचतो, आणि तोवर बराचसा स्नायू आधीच मेलेला असतो.