लफवुडचं प्रार्थनाघर: साधं आहे, सोपं नाही

जुनं चर्च म्हटलं की मनोरा, घंटा आणि रंगीत काचा डोळ्यांपुढे येतात. इंग्लंडमध्ये डेव्हनच्या ग्रामीण भागातल्या लफवुडच्या बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या प्रार्थनाघरात यातलं काही शोधू नका. ओबडधोबड दगडी भिंती, त्यांना बाहेरून दगडी धिरे, वर गवताचं छप्पर. "यात कसलं आलंय वास्तुशास्त्र?" असं विचारणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे.

किल्मिंग्टन गावच्या बॅप्टिस्टांची ही जागा 1653 सालापासूनची मानतात. पुढे राजेशाही परतली आणि 1664 च्या कायद्याने घरच्या माणसांखेरीज पाचांहून अधिक जणांनी अधिकृत चर्चबाहेर उपासनेला जमणं गुन्हा ठरला. आधी दंड किंवा कैद, तिसऱ्या खेपेला थेट हद्दपारी. अशा वेळी गावाबाहेरची झाडी आणि टेकडीचा उतार कामी आला. वेगळ्या उपासनेला मुभा देणाऱ्या 1689 च्या कायद्याने श्वास घेता आला. आतलं बरंचसं लाकूडकाम त्यानंतरचं, 18व्या शतकाच्या सुरुवातीचं.

खरी गोष्ट आहे पायांखाली. बॅप्टिस्ट बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडत नाहीत. कळत्या वयाच्या माणसाने स्वतः कबुली द्यायची आणि अख्खं पाण्यात बुडायचं. त्यासाठी जमिनीत टाकं आहे, एरवी फळ्यांनी झाकलेलं. मोठा माणूस मागे झुकवून बुडवायचा तर कमरेइतकं पाणी लागतं. अडीच मीटर लांब, सव्वा मीटर रुंद टाक्यात एक मीटर पाणी धरलं तरी तीन हजार लिटरच्या वर जातं. अशा टाक्याचं दुखणं गळतीपेक्षा ओलीचं. टाकं उपसून लगेच फळ्या बसवल्या की खालून बुरशी धरते, आधी तुळयांची टोकं कुजतात. आठवडाभर उघडं ठेवून वारा लागू द्यायचा, एवढाच उपाय.

छपराचा उतार 45 ते 50 अंश हवा. त्याहून कमी झाला तर पाणी घरंगळत नाही, गवतात मुरतं. अशा छपरांना सहसा पन्हाळी नसते, वळचण बाहेर काढून पाणी भिंतीपासून लांब टाकतात. इथं पाठीमागे चढ आहे, त्यामुळे वरच्या बाजूचा चर माती-पाचोळ्याने भरला की ओल सरळ भिंतीत शिरते. आढ्यावरचा थर साधारण 10-15 वर्षांनी बदलावा लागतो. जवळच्या फांद्या मात्र दरवर्षी छाटा, सावलीतलं गवत वाळत नाही.

आणि सिमेंट? अजिबात नको. दगडांच्या सांध्यांत एक भाग चुना, तीन भाग वाळू. चुन्यातून भिंतीची ओल बाहेर पडते. सिमेंटने ती आत कोंडते, मग गारठ्यात गोठून दगडाचे पापुद्रे सुटतात. चुन्याचं काम थंडीआधी उरकायचं आणि काही दिवस ओलं पोतं टाकून सावकाश वाळू द्यायचं. आपल्याकडेही घाणीत दळलेल्या चुन्यातल्या देवळांच्या सांध्यांत जीर्णोद्धाराच्या नावाखाली सिमेंट ठासतात, त्यांनाही हेच सांगणं आहे.

जाता जाता: 1805 मध्ये मराठीचं व्याकरण छापणारा बंगालमधल्या श्रीरामपूरचा मिशनरी विल्यम कॅरीही याच पंथाचा. तो मूळचा इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टनशायरचा, लफवुडचा नव्हे.

इमारत आता नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. गेलात तर आधी मागच्या बाजूचा चर बघा, मग आत शिरा.